काका, तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात

काका, सप्रेम नमस्कार.

चार दिवसांनी आम्ही निघतोय. दोन महिने, समुद्राच्या कडेकडेने, कॅम्पर व्हॅन घेऊन. परत आल्यावर सांगायला प्रवासाच्याच शंभर गोष्टी असतील आणि त्यांत हे मागे पडेल, म्हणून आधी लिहायला बसले. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या तोंडावर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच विषय बदलता.

तुमच्याकडे व्हॅन तपासायला घेऊन येईपर्यंत मी किती खचले होते, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. ज्यांच्याकडून व्हॅन घेतली त्यांनी दोन तास गाडी दाखवली, पण इंजिन, बॅटरी, गॅस, जे काही सांगितलं ते ह्यांच्याकडे बघून. ह्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर लांबचं ड्रायव्हिंग बंद आहे, गाडी मीच चालवणार, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी बॅटरीचा प्रश्न मी विचारला की उत्तर ह्यांना मिळायचं. मला ओटा, कपाटं आणि पडद्यांचे रंग दाखवले. पुढे एका वर्कशॉपमध्ये तपासणीला गाडी दिली. संध्याकाळी बिल हातात आलं आणि 'सगळं ओके आहे' एवढं एक वाक्य. काय काय बघितलं असं विचारलं, तर 'तुम्ही कशाला त्रास घेता' असं उत्तर मिळालं. ते वाक्य अजून टोचतं. भर उन्हाच्या रस्त्यावर, अनोळखी किनाऱ्यावर त्रास झालाच, तर तो मीच घेणार होते ना?

तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, "चालवणार कोण?"

मी म्हटलं, "मी."

"मग ताई, तुम्ही या पुढे."

तेवढ्यावरच माझे डोळे भरून आले होते. तुमच्या लक्षात आलं असेल, नसेल. तुम्ही तोवर खाली बसला होतात, खिशातला रुमाल काढून टायरच्या बाजूचा चिखल पुसत होतात. पुसून झाल्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "वाचा." छोट्या लांबट चौकटीत चार आकडे होते, 1814. तुम्ही अर्थ लगेच सांगितला नाहीत, मला अंदाज करू दिलात. 2014 सालचा अठरावा आठवडा, टायर बनल्याची तारीख. वरची नक्षी नव्यासारखी खोल होती, त्यामुळेच आम्हाला 'टायर जवळजवळ नवे' हे पटलं होतं. पण तुम्ही माझं बोट धरून बाजूच्या रबरावरून फिरवलंत, तेव्हा केसाएवढ्या बारीक भेगा हाताला लागल्या. उभ्या गाडीचा टायरसुद्धा म्हातारा होतो, ऊन त्याला कडक करतं, आणि तापलेल्या रस्त्यावर भरल्या वजनाखाली तो फुटतो. इतके महिने ती गाडी आमच्या दारात उभी होती आणि हे चार आकडे आम्हाला कोणीही दाखवले नव्हते.

बाकी गोष्टी भराभर आठवतात. गॅसच्या कप्प्याच्या तळाला भोक असतं, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो आणि त्याला खालूनच बाहेर जायला वाट लागते. आमच्या गाडीत त्या भोकावर कोणीतरी छान मॅट चिकटवून टाकली होती. वर्कशॉपच्या 'सगळं ओके'मध्ये तीही आली होती. तुम्ही एक शब्द वाकडा बोलला नाहीत. मॅटचा कोपरा उचलून दिलात आणि बाकीची मला काढायला सांगितलीत.

बॅटरीचं गणितही तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत, त्याच वर्कशॉपच्या बिलाच्या पाठीवर. फ्रिज चालू असताना साधारण चार-पाच अँपिअर ओढतो. उकाड्यात तो दिवसाचा निम्मा वेळ तरी चालू राहणार. म्हणजे चोवीस तासांत पन्नास-साठ अँपिअर-तास. साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे आमच्या 100 अँपिअर-तासांतले वापरायचे फक्त 50. 'दोन दिवस आरामात चालेल' असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांनी हे चार ओळींचं गणित कधी मांडलं असेल का, कोण जाणे. छपरावरचं सोलर पॅनेलही ऊन कडक झालं की तापतं आणि तापलं की कमी वीज देतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी उलटंच समजत होते. शेवटी लिथियमची बॅटरी आणि तिला चालणारा चार्जर घेतला. बॅटरी हलकी, हा वर फायदा.

कारण वजनाचंही तसंच निघालं. मर्यादा 3500 किलो. आम्ही दोघं बसून, टाक्या भरून वजनकाट्यावर गेलो तर 3580. पाणी म्हणजे लिटरला एक किलो, हे शाळेत शिकलेलं, पण शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरून रस्त्याला लागायचं नसतं हे डोक्यात आलं नव्हतं. आता चालताना वीस लिटर, मुक्कामाला पोचल्यावर बाकीचं. मग मी आणखी थोडं सामान काढलं. काटा 3450 वर आला तेव्हा तुम्हाला केलेला फोन आठवतो? मी पास झाल्याची बातमी द्यावी तशी ओरडले होते.

पण हे पत्र मी त्या पन्नास मिनिटांसाठी लिहितेय.

नवे टायर बसल्यावर तुम्ही म्हणालात, आता एक चाक तुम्ही बदलून दाखवा. ऊन डोक्यावर होतं. जॅक कुठे लावायचा ती जागा तुम्ही दाखवलीत, नट आधी सैल करायचे आणि मग गाडी उचलायची एवढं सांगितलंत, आणि चार पावलं मागे जाऊन हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. तिसरा नट हलेना. मी पान्यावर सगळा जोर लावला, हात घसरला, बोटाचं साल निघालं. हे पुढे झाले, मदतीसाठीच. तुम्ही ह्यांच्याकडे बघून नुसती मान हलवलीत. मग मला म्हणालात, "हाताने नको. पान्यावर पाय द्या, अंगाचं वजन टाका." मी पाय दिला. कर्र असा आवाज झाला आणि नट फिरला.

काका, तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

तुम्ही ते चाक दहा मिनिटांत बदललं असतंत. तुमचे हात मागे एकमेकांत घट्ट धरलेले होते, मी पाहिलं. माणसाला येत असलेलं काम डोळ्यांसमोर चुकतमाकत चाललेलं बघणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. तीस वर्षं मी लहान मुलांना लिहायला शिकवलंय आणि त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचा मोह मला रोज झालाय. तुम्ही तो मोह पन्नास मिनिटं, उन्हात, एका परक्या बाईसाठी आवरलात. घड्याळ पाहिलं नाहीत. चाक बसल्यावर शाबासकीही दिली नाहीत. "पन्नास किलोमीटरनंतर गाडी थांबवून नट पुन्हा आवळा," इतकंच म्हणालात, जसं दुसऱ्या मेकॅनिकला सांगावं.

मदत करणारे खूप भेटतात. मदत झाल्यावर आपण थोडे लहान झालो असं वाटू न देणारे फार थोडे. समोरच्याला येईल असा विश्वास धरून थांबून राहणं, हा चांगुलपणा मी फार कमी पाहिला. माझ्या आईत होता. त्यानंतर तुमच्यात.

निघताना तुम्ही भरती-ओहोटीचं सांगितलंत तेही वहीत आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. काल संध्याकाळी वाळू कोरडी दिसली म्हणून आज तिथे गाडी लावायची नाही, वाळलेल्या शेवाळाची रेघ बघायची आणि तिच्याही बऱ्याच मागे थांबायचं. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून झोपायच्या बाजूची खिडकी जमिनीकडे. निघायचा महिनाही तुमच्यामुळे बदलला. आम्ही नकाशा पसरून बसलो होतो आणि तुम्ही आधी विचारलंत की त्या किनाऱ्यावर वादळांचा मोसम कधी असतो. तो संपायची वाट बघितली, आता जातोय.

तुमचं हवेचं गेज माझ्याकडे राहिलंय. परत द्यायला आले होते, तुम्ही म्हणालात, आल्यावर द्या. ते ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात, तुमच्या त्याच रुमालात गुंडाळून ठेवलंय. आज सकाळी ऊन चढायच्या आत, टायर गार असताना, चारही चाकं आणि स्टेपनी तपासली. मागचं डावं थोडं उतरलं होतं. ह्यांनी विचारलं, काकांना फोन लावू का? मी नको म्हटलं. व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, बुडबुडा आला. आतली पिन पान्याने अर्धा फेरा आवळली, पुन्हा पाहिलं, बुडबुडा थांबला. हवा भरली. संध्याकाळी परत मोजली, तेवढीच होती.

तुमची,
ताई