शनिवारची बैठक : रुग्णालयाचे ऊर्जा केंद्र

सभासदहो,

येत्या शनिवारी रात्री ९ वाजता ऑनलाइन बैठक. विषय : अमेरिकेत ऑस्टिन शहराच्या मालकीच्या वीज कंपनीने, ऑस्टिन एनर्जीने, डेल बालरुग्णालयासाठी जुन्या म्युलर विमानतळाच्या जागेवर उभारलेले केंद्र. तिथे गॅस टर्बाइन वीज बनवते. तिच्या तापलेल्या धुरावर वाफ होते आणि त्याच उष्णतेवर चिलर चालून एसीला थंड पाणी मिळते. आपल्याकडे ही उष्णता सरळ धुराड्यातून जाते!

• आपापल्या रुग्णालयाची वर्षभराची वीजबिले आणि बॉयलरच्या इंधनाचा हिशेब जवळ ठेवा. अंदाजे आकडे नकोत, लॉगबुक बघा.
• लिंक शनिवारी सकाळी इथेच येईल.
• जनरेटरच्या तक्रारी कृपया त्या दिवशी नकोत, रात्र पुरणार नाही.