सावळ्या कातडीवरचा रंग समजावणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

मालवण ते वेंगुर्ला पट्ट्यात टॅटू काढणारे आम्ही काही जण हे पत्र मुद्दाम उघड लिहितो आहोत. दवाखान्याची गर्दी आवरून तुम्ही जे शिकवलंत, ते आमच्यापुरतं राहू नये.

'काळ्या अंगार रंग दिसणा नाय' असं इकडे गिऱ्हाईकही म्हणतं आणि टॅटूवालेही. त्यावर तुम्ही काचेच्या पेल्यात कोरा चहा ओतलात आणि पेल्याखाली रंगीत कागद सरकवलेत. फिकट पिवळा चहातच हरवला, आकाशी मळकट झाला, लालभडक मात्र लालच राहिला. सुई शाई सोडते ती कातडीच्या आतल्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. आपला सावळेपणा ज्या मेलॅनिनमुळे, ते असतं वरच्या थरात. म्हणजे प्रत्येक रंग आपण मेलॅनिनमधूनच बघतो. एवढं कळलं की रंग निवडणं सोपं होतं: गडद लाल, किरमिजी, राणी, गर्द हिरवा, गडद निळा. पांढरा एकटा वापरला तर बरा झाल्यावर जुन्या व्रणासारखा दिसतो. पिवळा हवाच असेल तर काळ्या जाड रेषेला टेकवून. आणि नक्षीत कोरी कातडी मोकळी सोडायची, तीच उजळ छटा म्हणून काम करते.

त्याहून मोलाची तुमची ठिपक्यांची पद्धत. हाताच्या आतल्या बाजूला मसुराच्या डाळीएवढे पाच-सहा ठिपके, एकेका रंगाचा एकेक, आणि मग सहा आठवडे थांबायचं. ताज्या टॅटूत शाई वरच्या थरातही अडकलेली असते, म्हणून पहिल्या दिवशी सगळेच रंग झकास दिसतात. वरचा थर बदलायला चारेक आठवडे जातात, आणि खरा रंग त्यानंतरच कळतो. तारकर्लीला दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला हे पटत नाही, पण ज्याला हात आयुष्यभर बघायचाय त्याला पटतं.

सगळ्यात मोठी चूक सुई चालवतानाच होते. गडद कातडीवर रक्त, पाझरणारी लस आणि शाईचा थर साचला की रंग बसला की नाही ते दिसत नाही. मग हात जड होतो, त्याच जागेवरून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा सुई फिरते. कातडी फाटते, शाई खोल जाऊन रेषेबाहेर पसरते, आणि भरल्यावर कडेने काळपट डाग उरतो. दुखावलेल्या कातडीचा तो डाग काही महिन्यांत उतरतो तरी. पसरलेली शाई आणि उठलेला व्रण उतरत नाहीत. तुमचा नियम आता आमचा आहे: दोन फेऱ्या झाल्या की थांबायचं, राहिलेलं दोन महिन्यांनी भरायचं.

केलॉइडबद्दल, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या जाड व्रणाबद्दल, विचारायची तुमची रीतही आम्ही उचलली. 'केलॉइड होतो का?' या प्रश्नाला सगळे 'नाही'च म्हणतात. त्याऐवजी दंडावरची बीसीजीची खूण बघायची, कान टोचल्यावर गाठ आली होती का ते विचारायचं, ऑपरेशनचा व्रण मूळ जखमेच्या बाहेर वाढलाय का ते पाहायचं, घरात आईला, मावशीला तसं आहे का याची चौकशी करायची. एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर छाती, खांदा आणि वरची पाठ अजिबात नको, आणि दुसरीकडेही तुम्हाला विचारल्याशिवाय नाही.

पण एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. 'लाल झालं तर दाखवायला या' असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट दिसते, किंवा नुसती आणखी काळी. तुम्ही बोटांची मागची बाजू टॅटूवर ठेवायला शिकवलंत, मग तीच शेजारच्या कोऱ्या कातडीवर. पहिले दोन-तीन दिवस थोडी ऊब असतेच. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढत असेल, सूज पसरत असेल, ठणका लागत असेल, पू किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

बाकी काळजी साधी, फक्त आपल्या दमट हवेत ती नीट घ्यावी लागते. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण, स्वच्छ कागदी रुमालाने टिपून कोरडं करणं, मलम इतकं पातळ की कातडी चकाकेल पण चिकटणार नाही. मे महिन्यात टॅटूवर लावलेल्या चिकटफिल्मखाली घाम साचतो. कड सुटली की काढून टाकायची. ओल्या टॅटूवर हळद नको, घाण्याचं खोबरेल नको. खपली पूर्ण गळून कातडी मिटली की कोकमाचं तेल खुशाल लावा. नखाने खपली काढली की तिच्याबरोबर रंगही जातो.

आणि समुद्र. निदान तीन आठवडे समुद्र, खाडी, विहीर, काही नाही. टॅटू आणि स्कुबा दोन्ही करायचं असेल तर आधी स्कुबा. २०१७ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये छापलेलं ते प्रकरण तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंत: यकृताचा जुना आजार असलेला ३१ वर्षांचा माणूस टॅटूनंतर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओ जंतूने दगावला. जाळी ओढणाऱ्या, मासे साफ करणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आता हंगाम बंद असतानाच बोलावतो. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरणंही तुमच्यामुळे सुटलं. निर्जंतुक पाण्याची बाटली प्रत्येकाच्या टेबलावर असते.

लाल शाईची खाज महिन्यांनंतरही उठू शकते, हे आता आधीच सांगतो. टॅटू पुसायच्या लेझरचंही सांगतो. गडद कातडीला १०६४ नॅनोमीटरचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तो काळ्या शाईवर चालतो. लाल, हिरवा पुसायला लागणाऱ्या लेझरचा प्रकाश मेलॅनिनही शोषून घेतं, म्हणून पांढरे चट्टे उरायची भीती.

तुम्ही मागितलेले बऱ्या झालेल्या ठिपक्यांचे फोटो गुरुवारी घेऊन येतो. सगळे सहा आठवड्यांनंतरचे, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर न वापरता काढलेले. मागे रंगाचं नाव आणि तारीख लिहिली आहे.

आपले ऋणी,
मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातले टॅटूवाले