शोभेचे सैन्य?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील आखातावरच्या लेखात तिथल्या सगळ्या सैन्यांची 'तेलाच्या पैशावरची शोभेची फौज' अशी एका वाक्यात बोळवण केली आहे. मी अबुधाबीजवळ मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे नोकरी केली. निदान संयुक्त अरब अमिरातीबद्दल तरी हे वाक्य खटकले.

पैशाचा मुद्दा खराच आहे. अमिरातीची मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारी) बटालियन, विशेष दले आणि राज्यकर्त्यांच्या रक्षणाचे अमिरी गार्ड एकत्र करून जे प्रेसिडेन्शियल गार्ड उभे राहिले, त्याची धुरा अनेक वर्षे माइक हिंडमार्श या निवृत्त ऑस्ट्रेलियन मेजर जनरलकडे होती. शिकवायला अमेरिकेचे मरीन. २०१४च्या जानेवारीत या गार्डच्या प्रशिक्षणासाठी १५ कोटी डॉलरच्या व्यवहाराला अमेरिकेने हिरवा कंदील दाखवला होता. म्हणजे मास्तर भाड्याचे, हे मान्य. पण परीक्षा कुणी दिली?

२०१५च्या उन्हाळ्यात येमेनमधले एडन हे बंदराचे शहर हुथी बंडखोरांच्या ताब्यातून सोडवण्यात अमिराती सैनिक प्रत्यक्ष होते. मागोमाग त्यांची रणगाड्यांसह चिलखती ब्रिगेड एडन बंदरात उतरली. परक्या, लढाई चालू असलेल्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवायचे आणि मग त्यांना रोज डिझेल, दारूगोळा, पाणी पुरवत राहायचे, हे संचलनाच्या सरावाने जमत नाही. त्यासाठी त्यांनी तांबड्या समुद्रापलीकडे, एरिट्रियातल्या असाब बंदरात तळ उभारला होता. २०१६च्या एप्रिलमध्ये येमेनच्याच मुकल्ला बंदरातून अल कायदाला हुसकावण्यातही तेच पुढे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे 'स्विफ्ट' हे जहाज बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीजवळ क्षेपणास्त्राने जळाले.

येमेनमधले युद्ध योग्य होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिथल्या गुप्त तुरुंगांचे आरोप अमिरातीने नाकारले असले तरी ते गंभीरच आहेत. पण ४ सप्टेंबर २०१५ला येमेनमधल्या मारिबमध्ये एका क्षेपणास्त्राने त्यांचे ४५ सैनिक मारले, तो दिवस मी अमिरातीत पाहिला आहे. तीन दिवस दुखवटा, झेंडे अर्ध्यावर. मूळ नागरिक जेमतेम दहा लाखांच्या आसपास. ४५ ही संख्या तिथे घराघरात पोचते. आमच्या कार्यालयातले कायम चेष्टामस्करी करणारे अमिराती साहेब त्या आठवड्यात कुणाशी बोलले नाहीत. आदल्याच वर्षी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली होती, त्यामुळे मुलांचा विषय कुणी काढतही नसे.

आता एक दुरुस्ती. लेखातल्या चौकटीत ३० नोव्हेंबरचा उल्लेख 'राष्ट्रीय दिनाला जोडून मिळणारी सुट्टी' असा आहे. तो त्यांचा हुतात्मा दिन. १९७१मध्ये, अमिरातीचे संघराज्य जन्माला येण्याच्या दोन दिवस आधी, आखातातल्या ग्रेटर टुंब बेटावर उतरलेल्या इराणी सैन्याशी लढताना रास अल खैमा या अमिरातीचा सालेम सुहैल बिन खमिस हा तरुण पोलीस त्या दिवशी मारला गेला. बेट आजही इराणकडेच आहे. चौकट तेवढी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पनवेल