फुलपाखरांच्या जुन्या पेट्या टाकून देऊ नयेत

महोदय,

आपल्या पुरवणीत येणारी फुलपाखरांची छायाचित्रे मी आवडीने पाहतो. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या तरुणांमुळे मुंबईकर नीलवंत (ब्लू मॉरमॉन) फुलपाखरू ओळखू लागले, हे फार चांगले झाले. मात्र छायाचित्र मिळाले की टाचणीला लावून पेटीत जपलेल्या नमुन्याची गरजच उरत नाही, हा त्याबरोबर रूढ झालेला समज दुर्मीळ जातींच्या अभ्यासाला मारक आहे.

नीलवंत पंखांवरून ओळखता येतो. पावसाळ्यात गवतावर बसणाऱ्या तपकिरी ‘स्किपर’ फुलपाखरांचे तसे नाही. मिशांच्या टोकाला आकडा, पंखांवर फिकट ठिपके, आणि काही जातींत इतके साम्य की निर्णय जननेंद्रियांच्या रचनेवरच होतो. त्यासाठी पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळला की उरलेले कायटिनचे (कीटकांच्या टणक आवरणाच्या द्रव्याचे) अवयव, विशेषतः नराच्या पकडींचा आकार आणि त्यांवरचे दाते, सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मग तो भाग ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून मूळ नमुन्याच्याच टाचणीला अडकवतात, कारण त्यांची ताटातूट झाली तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

‘लडलोज भूतान ग्लोरी’ हे फुलपाखरू १९३३-३४ मध्ये भूतानमध्ये सापडले, १९४२ मध्ये त्याचे नामकरण झाले आणि त्यानंतर थेट २००९ मध्ये ते पुन्हा दिसले. मधल्या काळात ही जात विज्ञानाला ठाऊक राहिली ती लंडनच्या संग्रहालयातील मोजक्या नमुन्यांमुळे. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, परवानगीशिवाय, संरक्षित जातींचे नमुने गोळा करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच असलेले नमुने जपण्याची जबाबदारी वाढते.

मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात नूतनीकरणाच्या वेळी कीटकांच्या पेट्या पावसाळाभर व्हरांड्यात पडून होत्या. डांबरगोळ्या संपल्या होत्या. पेट्या उघडल्या तेव्हा आत टाचण्या, नमुना कुठे-केव्हा मिळाला ते सांगणारी लेबले आणि टाचण्यांखाली करडी भुकटी होती. एका लेबलावरचे ‘खंडाळा’ एवढे अक्षर अजून वाचता येत होते.

ज्या महाविद्यालयांना असे संग्रह सांभाळणे जमत नसेल, त्यांनी ते टाकून देण्यापूर्वी फोर्टमधील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राकडे विचारणा करावी, आणि पेट्या हलवताना एकही लेबल नमुन्यापासून वेगळे करू नये.

— प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, मुलुंड (पूर्व), मुंबई