विषय : सायबर सुरक्षेच्या सूचनेला जोडलेल्या यादीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती, आपली सोसायटी,
कोथरूड, पुणे 411038

दिनांक : 18 जानेवारी 2026

महोदय,
स.न.वि.वि.

'सभासदांनी ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहावे' ही आपली सूचना परवा ग्रुपवर मिळाली. सूचना उत्तम आहे. ओटीपी कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, स्वतःची माहिती कुठेही देऊ नये, हे सगळं त्यात ठळक अक्षरांत आहे. तिच्या खाली जी एक्सेल फाइल जोडली आहे, तिच्याबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवेना.

या फाइलमध्ये तिन्ही विंगच्या सभासदांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक, जन्मतारखा आणि गाड्यांचे नंबर आहेत. शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. तो मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. ए विंगमधल्या एका फ्लॅटपुढे 'मुलाकडे सिएटलला, मार्चपर्यंत बंद'. दुसऱ्यापुढे 'एकट्याच असतात, ऐकू कमी येतं'. तिसऱ्यापुढे 'चावी समोरच्यांकडे'. माझ्या नावापुढे 'वाद घालतात'. शेवटच्या शेऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीच्यांबद्दल आहे. घरफोडी करणाऱ्याला पूर्वी चार दिवस समोरच्या टपरीवर चहा पीत टेहळणी करावी लागे. समितीने त्याचा चहाचासुद्धा खर्च वाचवला.

कुणी म्हणेल, ग्रुप आपलाच आहे. आपला कसा? त्यात सोडून गेलेले भाडेकरू आहेत, दोन इस्टेट एजंट आहेत, टँकरवाला आहे आणि 'टायगर' नावाचा एक नंबर आहे. हा टायगर कोण, असं मी मागे विचारलं, तेव्हा ए विंगला तो बी विंगचा वाटला, बी विंगला सीचा, आणि सी विंगवाल्यांनी 'समितीचा माणूस असेल' म्हणून सोडून दिलं. दर गुढीपाडव्याला तो सगळ्यांना न चुकता शुभेच्छा देतो, त्यामुळे त्याला काढायला कुणाचं मन होत नाही.

अशा यादीचा उपयोग काय होतो, ते सी विंगच्या काकांच्या बाबतीत आपण पाहिलंच आहे. ग्रुपवर त्याची चर्चा 'काका वाचले, देवाची कृपा' एवढ्यावर थांबली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काकांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.' काका बँकेतून निवृत्त झालेले, सहजासहजी गळाला लागणारे नव्हेत. पण त्या माणसाने त्यांचा आधार क्रमांक आणि जन्मतारीख घडाघडा म्हणून दाखवली, आणि काकांचे पाय गळाले. एवढी माहिती पोलिसांशिवाय कुणाकडे असणार, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे ती दर दिवाळीला ग्रुपवर येते, हे त्यांच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

काका एफडी मोडण्याच्या विचारापर्यंत आले होते. तेवढ्यात काकू दळण घेऊन वर आल्या. कोण बोलतंय म्हणून त्यांनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. तो म्हणाला, 'मैं मुंबई क्राइम ब्रांच से इन्स्पेक्टर जोशी बोल रहा हूँ.' काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, 'जोशी ना? मग हिंदीत काय बोलताय? कुठले जोशी तुम्ही? गुहागरकडचे का?' तिकडून काही उत्तर येईना. 'घरी कोण कोण असतं?' म्हणेपर्यंत त्याने फोन कट केला. काकूंना अजून वाईट वाटतं, की आडनावाच्या पुढे त्यांना जाताच आलं नाही.

प्रत्येक घरात अशी काकू वेळेवर दळण घेऊन येईलच असं नाही. तेव्हा आपल्या सूचनेत स्पष्ट लिहायला हवं होतं की 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. कुठलाही पोलीस, सीबीआय किंवा ईडीचा अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे दुसऱ्या खात्यात भरायला सांगत नाही. सूचनेत हे नाही. उलट हेल्पलाइन म्हणून 155260 हा क्रमांक छापलाय. तो 2021 मधला जुना क्रमांक. आता कितीतरी दिवस 1930 आहे. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. 1930 वर लगेच कळवलं तर ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते. एकदा ते पाच-सहा भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले, की मग शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे खेटे घालणं आलं. अशा वेळी नोटीस बोर्डासमोर उभं राहून जुना नंबर फिरवत बसायला लागू नये.

आता खजिनदारसाहेबांचा विषय. माणूस सज्जन आहे, म्हणून जपून लिहितो. गेल्या महिन्यात त्यांच्या नंबरवरून ग्रुपवर 'लग्नपत्रिका डॉट एपीके' अशी फाइल आली. त्यांच्या एकुलत्या एक चिरंजीवांचं लग्न होऊन दोन मुलं झाली आहेत, हे माहीत असूनही ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. एकाने 'केळवणाला कधी येता?' विचारलं. एका ज्येष्ठांनी कार्यालयात पार्किंग आहे का, याची चौकशी केली. ज्यांनी फाइल न उघडताच अभिनंदन केलं, ते वाचले. ज्यांनी आस्थेने मुहूर्त बघायला उघडली, त्यांच्या फोनमध्ये अँड्रॉइडचं एक ॲप शिरलं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण लग्नाच्या गडबडीत 'अलाउ' दाबतो, आणि मग बँकेचे ओटीपी आपल्याआधी त्या भामट्याला दिसतात. पुढे तेच ॲप आपल्या नावाने सगळ्या गोतावळ्याला पत्रिका वाटत सुटतं.

यावर उपाय म्हणून खजिनदारसाहेबांनी डीपी बदलला. गणपतीचा लावला आहे.

काळजीची गोष्ट अशी की सोसायटीच्या खात्याचे ओटीपी त्याच फोनवर येतात. मेंटेनन्स, मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला सिंकिंग फंड, रंगकामासाठी जमवलेले पैसे, सगळं त्या एका मोबाइलच्या भरवशावर. तो मोबाइल संध्याकाळी त्यांचा नातू गेम खेळायला घेतो. संस्थेसाठी एक वेगळा साधा फोन आणि वेगळं सिम घ्या, त्यात खेळ नकोत, आणि ऑनलाइन व्यवहाराला दोघांची मंजुरी लागेल अशी सोय बँकेकडून करून घ्या. चेकवर दोन सह्या लागतातच ना?

सीसीटीव्हीचं आणखी निराळं. वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवर सेलोटेपने चिकटवलेला कागद आहे : युजर ॲडमिन, पासवर्ड एक ते सहा आकडे ओळीने. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी त्यावरून कॅमेऱ्यांची नावं बदलली. आपल्या केबिनबाहेरच्या कॅमेऱ्याचं नाव 'झोपलेले अध्यक्ष' झालं होतं, ते महिनाभर तसंच राहिलं, कारण समितीतल्या कुणाला ते बदलता येईना. मुलं होती म्हणून चेष्टेवर निभावलं. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीतून आलेला पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि राउटर जगभरातून हेरून कामाला लावले होते. त्या ऑक्टोबरच्या 21 तारखेला त्यांच्या फौजेने वेबसाइट्सचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर असा मारा केला, की ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास धड चालेनात. लिफ्टमध्ये कोण थुंकतं हे शोधायला लावलेला कॅमेरा रात्री काय करतो, हे आपल्याला ठाऊक नसेल तर बरं दिसत नाही.

असं सगळं असताना पुढच्या रविवारच्या विशेष सभेत 'चेहरा ओळखणाऱ्या गेट ॲप'चा ठराव येतोय. त्याला माझा विरोध आहे, तो इतिवृत्तात नोंदवावा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा फुटला तर मी काय बदलू? सभासद निदान हो-नाही म्हणू शकतील, पण धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना कुणी विचारलं? त्यांचा फोटो, आधार, येण्याजाण्याच्या वेळा, 'रेटिंग', सगळं कुठल्यातरी कंपनीकडे जाणार. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मला तीन स्टार दिले कुणी तर मी पण सांगीन कुणाच्या घरी डाळीत पाणी किती असतं.' हे रेटिंग जास्त भरवशाचं होईल, असं मला वाटतं. कंपनीशी करार कोण करणार, माहिती किती दिवस ठेवणार, काम सोडून गेलेल्या बाईची माहिती कोण पुसणार, याची लेखी उत्तरं मिळेपर्यंत वॉचमनने इंटरकॉम करावा. तेवढं त्याला जमतं.

कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, नियम गेल्या नोव्हेंबरात आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल त्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. आपल्यावर एवढा कुणी लावणार नाही, हे मान्य. पण आपला सिंकिंग फंड लक्षात घेता त्याच्या हजाराव्या हिश्श्याचीही मला धास्ती आहे. आणि सभासदांची यादी कायद्याने ठेवावीच लागते, हे कारण पुढे करू नये. ती 'जे' नमुन्यात ठेवायची असते. त्यात नाव, पत्ता आणि सभासदाचा वर्ग एवढंच असतं, आधारचा रकानाच नाही. सिएटलचा तर नाहीच नाही.

तेव्हा विनंती अशी : ती फाइल ग्रुपवरून आजच काढावी, म्हणजे 'सर्वांसाठी' काढावी, स्वतःच्या फोनपुरती नव्हे. ज्यांनी उतरवून घेतली असेल त्यांना पुसायला सांगावं. शेऱ्याचा रकाना मुळातूनच रद्द करावा. ज्यांचे आधारचे कागद ऑफिसच्या कपाटात आहेत त्यांना ते परत द्यावेत. भाडेकरू नोंदणीसाठी लागलंच तर मास्क केलेलं आधार मागावं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. टीव्हीवरचा कागद फाडावा, पण त्याआधी पासवर्ड बदलावा. उलट क्रमाने केलंत तर पुन्हा आठवीतल्या मुलांनाच बोलवावं लागेल. आणि टायगर कोण आहे, ते एकदा सभेत विचारावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. ग्रुपवर अंगठा दाखवल्यास ते उत्तर धरलं जाणार नाही.

आपला,
बी विंग, तिसरा मजला
(शेरा : वाद घालतात)

ता.क. : या पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह झाल्यास फक्त पहिलं पान टाकावं. दुसऱ्यावर माझी सही आहे.