मशीनने पाणी पाहताना नोंदींचा कागद मागा

महोदय,

उन्हाळा तापला की ‘मशीनने पाणी पाहणारे’ गावोगाव फिरू लागतात. चार सळया ठोकायच्या, दहा मिनिटांत ‘तीनशे फुटांवर दोन इंच पाणी’ सांगायचे आणि पॉइंटवर नारळ ठेवून निघायचे. या मशीनमागचे विद्युत रोधकता सर्वेक्षण हे खरे शास्त्र आहे. मात्र ते इंच सांगत नाही.

बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतात, आतल्या दोन सळयांमधले व्होल्टेज मोजतात आणि त्यावरून जमीन विजेला किती अडवते, म्हणजे तिची रोधकता, काढतात. मध्यबिंदू न हलवता बाहेरच्या सळया टप्प्याटप्प्याने लांब नेल्या की खालचे थर वाचता येतात. बाहेरच्या सळयांमधल्या अंतराच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी खोली हाती लागते. म्हणजे दोनशे फुटांखालचे कळायला तीनशे मीटर वायर पसरावी लागते. पन्नास मीटरवर काम उरकणाऱ्याला तीनशे फुटांवरचा झरा कुठून दिसणार?

आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरलेला मुरूम किंवा मांजऱ्या (छिद्रे-पोकळ्यांचा पाषाण) साधारण 20 ते 45 ओहम-मीटर (रोधकतेचे माप) दाखवतो, भेगाळलेला खडक 40 ते 70. सलग पाषाण त्याच्या वर, पुष्कळदा शंभरापुढे. गोम अशी की चिकणमाती आणि लाल गेरूचा थरही 20 च्या खाली येतो, आणि पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आकडा आणखी घसरतो. ‘आकडा कमी म्हणजे पाणी जास्त’ या समजुतीवर घेतलेली बोअर म्हणूनच कोरडी किंवा खारी निघते. शेजारच्या विहिरीतले थर पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. खोलवरची वीतभर भेग तर आलेखात उमटतच नाही. तिथे छातीठोक बोलणारा थाप मारतो आहे असे खुशाल समजावे.

मे महिन्यात माती इतकी सुकते की वीज आत शिरत नाही. सळयांभोवती मिठाचे पाणी ओतावे. तारेचे कुंपण, लोखंडी पाइपलाइन, डीपी यांपासून लांब राहावे. सळयांची रेघ शक्यतो उताराला आडवी, एका पातळीतून टाकावी.

ग्रामपंचायतींनी बिलासोबत प्रत्येक टप्प्याचे अंतर, करंट, व्होल्टेज आणि आलेख असलेला कागद मागावा. पॉइंट काढणारा आणि बोअरची गाडी आणणारा एकच माणूस नसावा. बोअर घेताना दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवून त्या कागदाशी ताडला, तर शेजारच्या शेतातला पुढचा अंदाज बराच नेमका येतो.

— भूजल सर्वेक्षण क्षेत्रातील एक वाचक, लातूर