पाळणाघर कागदावरच का?

महोदय,

माझी सून संगणक अभियंता आहे. बाळ सात महिन्यांचे असताना ती कामावर परतली, तेव्हा दूध काढण्यासाठी तिला मिळालेली जागा म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खोक्यांनी भरलेली, आतून कडी नसलेली खोली; दाराला खुर्ची लावून ती बसत असे. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, ही त्याच दुरुस्तीतील तरतूद विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. (विचारणारीकडे कसे पाहिले जाते, तो भाग वेगळा.) विडी कामगार स्त्रियांच्या या सोलापुरात पाळणाघर ही काही नवी कल्पना नव्हे; १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही ती होती. शिकलेल्या मुली नोकरीसाठी पुण्याला जातात, अशी हळहळ आपण नेहमी व्यक्त करतो. बाळंतपणानंतर आजी-आजोबांच्या आधाराने सोलापुरातूनच संगणकावर काम करू इच्छिणाऱ्या मुलींना कंपन्यांनी तशी मुभा द्यावी, आणि कोणत्या आस्थापनांत पाळणाघर प्रत्यक्ष सुरू आहे, याची यादी कामगार विभागाने जाहीर करावी, ही विनंती.

– एक वाचक, जुळे सोलापूर